स्क्लेरोडर्मा आणि हृदयाची वार्षिक तपासणी

शिरोली औद्योगिक वसाहतीत फौंड्री म्हणजे काय हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. सिलिका वाळूचे साचे, साचा फोडताना आणि कास्टिंग घासताना उडणारी धूळ हा येथील अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचाच भाग आहे. ही धूळ फुप्फुसांस घातक असते हे सर्वांना ठाऊक आहे. तिचा संबंध त्वचेशी आणि हृदयाशीही येऊ शकतो, ही गोष्ट मात्र फारशी परिचित नाही.

१९१४ मध्ये स्कॉटलंडमधील डॉ. ब्रॅमवेल यांनी पाथरवटांमध्ये, तर १९५७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डॉ. इरॅस्मस यांनी सोन्याच्या खाणीतील कामगारांमध्ये स्क्लेरोडर्माचे रुग्ण नोंदविले. दोन्हीकडे समान दुवा सिलिकाच्या धुळीचा. तथापि हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो आणि त्यांपैकी बहुतेकींचा फौंड्रीशी काहीही संबंध नसतो. सारा दोष धुळीच्या माथी मारणे योग्य होणार नाही.

अवयवांना आधार देणाऱ्या संयोजी ऊतींत या विकारामुळे कोलॅजन प्रमाणाबाहेर साठते. थंडीत बोटे पांढरी-निळी पडतात, कातडी ताठरते. रुग्णाचे सारे लक्ष कातडीकडे असते; तेवढ्यात फुप्फुसांतील बारीक रक्तवाहिन्या अरुंद होऊन हृदयाच्या उजव्या कप्प्यावर भार वाढू शकतो. काहींच्या हृदयस्नायूतच व्रणासारखे कठीण पट्टे तयार होऊन ठोके अनियमित होतात, तर काहींच्या हृदयावरणात पाणी साठते. आम्ही वाणिज्य शाखेचे. आमच्या परिभाषेत, हा तोटा बराच काळ खतावणीत दिसतच नाही. जिना चढताना धाप लागते आणि पायांवर सूज येते, तोवर पुष्कळ हानी झालेली असते. शिवाय फौंड्रीतील कामगाराची धाप ‘धुळीची’ म्हणून सहज सोडून दिली जाते.

तक्रार नसलेल्या रुग्णाचा दरवर्षी टूडी इको करणे हा विश्वस्तांस अनाठायी खर्च वाटणे स्वाभाविक आहे. परंतु स्क्लेरोडर्माच्या रुग्णांत फुप्फुसातील रक्तदाबाची अशी वार्षिक चाचपणी व्हावी, हीच २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस आहे. विकार समूळ बरा करणारे औषध नाही. मात्र हा दाब वेळेत लक्षात आल्यास सिल्डेनाफिल, बोसेन्टान यांसारख्या औषधांनी हृदयावरील भार हलका करता येतो. देणगीदारांचा निधी अशा तपासण्यांवर खर्च होणे आम्हांस सर्वथा उचित वाटते.

रुग्णांच्या नातेवाइकांनी तपासणीस येताना मागील इको व ईसीजीचे कागद सोबत आणावेत. रुग्णाने फौंड्रीत कोणत्या विभागात, किती वर्षे काम केले, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.