परदेशातली बाग



आपल्या धर्मग्रामातील बऱ्याच घरांतले कुणी ना कुणी आखातात आहे. सुट्टीवर आलेली मंडळी मिस्सेनंतर भेटली की आम्ही विचारतो, "कसं काय तिकडे?" उत्तर बहुधा ठरलेले, "आणखी दोन वर्षं, फादर. मग कायमचा परत." कुवेतहून आलेल्या एका तरुणाकडून हेच उत्तर आम्ही चौथ्यांदा ऐकले, तेव्हा आम्हांला यिर्मया आठवला.

इ.स.पूर्व 597 मध्ये जेरुसलेमच्या हजारो लोकांना बाबिलोनला नेण्यात आले. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने सांगितले, दोन वर्षांत सगळे परत येतील (यिर्मया 28). हे ऐकायला कुणाला आवडणार नाही? पण ते खोटे होते. यिर्मयाने बाबिलोनला पत्र धाडले. परतीला सत्तर वर्षे लागतील; तोवर तिथे घरे बांधा, बागा लावा आणि त्यांची फळे खा, असे त्याने कळवले (29:5-10). पहिल्या वाचनात हे पत्र कठोर वाटते. पण 'फळे खा' या शब्दांपाशी जरा थांबावे. नुसते राबा असे तो म्हणत नाही. परक्या मातीत पिकलेले गोड लागले तर ते गोड लागू द्यावे, त्याने जेरुसलेमशी बेइमानी होत नाही.

त्या तरुणाला आम्ही विचारले, तुझी बाग कुठली? तो हसला. मग हळूहळू बोलू लागला. तिथे सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे मिस्साही शुक्रवारी. येताना मासळीबाजारातून पापलेट घ्यायचे, त्याला तिथे झुबैदी म्हणतात. खोलीतले चौघे मिळून कालवण करतात. एक केरळचा, तो खोबरे जास्त घालतो, त्यावरून दर आठवड्याला भांडण! "हे घरी सांगतोस का?" आम्ही विचारले. "असलं काय सांगायचं, फादर? पैसे पोचले का आणि कधी येतोस, एवढंच विचारतात."

हे आम्हांला लागले. फादर स्टीफन्स 1579 साली लिस्बनहून गोव्याला आले आणि लगेच वडिलांना लांबलचक पत्र लिहिले. द्राक्षवेल सोडली तर युरोपातल्यासारखे एकही झाड इथे दिसले नाही, असे त्यात आहे. नारळ आहे, माडीही आहे (वसईकरांनी हसू नये). ते परत गेले नाहीत. 1619 मध्ये इथेच वारले, आणि 'ख्रिस्तपुराण' आपल्याला देऊन गेले.

त्या तरुणाच्या आईला आम्ही एवढेच म्हटले, पुढच्या फोनवर विचार, आज काय रांधलं?

परवा ती भेटली. फोन पाऊण तास चालला म्हणे. पैशांचे विचारायचे राहूनच गेले.