यंत्राचे दोन डोळे

हात लांब करून अंगठा उभा धरा आणि आलटून पालटून एकेक डोळा मिटा. मागच्या भिंतीपुढे अंगठा सरकल्यासारखा दिसेल. तो जवळ आणा. आता जास्त सरकेल. या सरकण्यावरूनच अंतर काढता येते.

मंगळावरची गाडी हेच करते. पृथ्वीवरून संदेश पोचायला ३ ते २२ मिनिटे लागतात. मग समोरचा धोंडा तिनेच ओळखायला नको का? त्यासाठी दोन कॅमेऱ्यांच्या चित्रांतील असंख्य ठिपके जुळवावे लागतात. २०१२ साली उतरलेली ‘क्युरिऑसिटी’ स्वतः वाट शोधताना या गणितासाठी थांबे. २०२१ साली उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’मध्ये मात्र त्यासाठी खास विद्युत्‌मंडले आहेत. ती अनेक ठिपके एकाच वेळी जुळवतात. म्हणून गाडी चालता चालताच वाट ठरवते.

आता एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा!