परसबागेत सापडलेले वाण : होस्टा या वनस्पतीच्या निमित्ताने

‘नवे वाण’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कृषी विद्यापीठाचे प्रक्षेत्र, पांढऱ्या कोटातले संशोधक आणि नोंदींनी भरलेल्या वह्या उभ्या राहतात. शोभेच्या वनस्पतींच्या जगात मात्र असे एक कुटुंब आहे, की ज्यातील कितीतरी वाणे सामान्य गृहस्थ-गृहिणींनी आपल्या घरामागच्या बागेत शोधून काढली. ही वनस्पती म्हणजे होस्टा. तिच्या निमित्ताने ‘शोध लागणे’ म्हणजे नेमके काय होते, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

होस्टा मूळची जपान, कोरिया व चीन या देशांतील. जपानी व्यापाराच्या निमित्ताने ती युरोपात गेली. फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ट या वैद्याने १८३० च्या सुमारास तिची रोपे जपानहून हॉलंडला नेली. त्याआधीच, १८१२ साली, ट्राटिनिक या वनस्पतिशास्त्रज्ञाने निकोलाउस होस्ट या ऑस्ट्रियन वैद्यांच्या नावावरून तिला ‘होस्टा’ हे नाव दिले होते. पूर्वी तिची गणना लिलीच्या कुळात होई; आता तिला शतावरीच्या कुळात घालतात. तिला थंडीतील विश्रांती लागते. हिवाळ्यात पाने पूर्णपणे जातात आणि वसंतात जमिनीतून टोकदार कोंब वर येतात. त्यामुळे आपल्या पठारी हवेत ती नांदत नाही. कर्दळीची रुंद पाने जमिनीलगत गुच्छाने आली आहेत, अशी कल्पना केली म्हणजे तिचे रूप साधारण लक्षात येईल. फुले येतात, पण लोक तिला लावतात ती पानांसाठी. हिरवी, निळसर, पिवळी, पांढऱ्या काठाची, पिवळ्या काठाची असे पानांचे प्रकार आहेत, आणि छायेत वाढणारी असल्यामुळे अमेरिकेतील घरोघरच्या झाडांखाली तिला मानाची जागा मिळालेली आहे.

आता नवे वाण निघते कसे? एक मार्ग संकराचा. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसरा मार्ग निसर्ग स्वतःच दाखवतो. होस्टाचे बेट वर्षानुवर्षे त्याच जागी वाढते, त्याला नवे नवे फुटवे येतात, आणि एखाद्या वसंतात त्यातला एकच फुटवा निराळा निघतो. बाकी सारी पाने हिरवी, पण या फुटव्याच्या पानांना पिवळी किनार. याला कलिका-उत्परिवर्तन म्हणतात. ही गोष्ट आपल्यालाही परकी नाही. द्राक्षांतील ‘सोनाका’ आणि ‘तास-ए-गणेश’ ही आपल्याकडची वाणे ‘थॉम्पसन सीडलेस’पासून अशीच निघालेली आहेत.

किनार येण्याचे कारण मोठे मनोरंजक आहे. कोंबाच्या वाढत्या टोकावर पेशींचे थर कपड्याच्या अस्तरासारखे एकावर एक असतात. त्यातील एका थरातील हरितद्रव्य बिघडले व दुसऱ्यातील शाबूत राहिले, तर पानाचा काठ एका रंगाचा व मधला भाग दुसऱ्या रंगाचा होतो. एकाच झाडात दोन जातींच्या पेशींचा असा संसार असतो त्याला कायमेरा म्हणतात. म्हणूनच अशा झाडाचे बी पेरून उपयोग होत नाही. बहुधा रोपांना पानाच्या मधल्या भागाचा रंग येतो आणि ज्या किनारीसाठी सारा खटाटोप, तीच नाहीशी होते. वाण टिकवायचे तर फुटवाच वेगळा काढला पाहिजे. पानभर विस्कळीत रेघा असलेला फुटवा तर फारच चंचल. दोन-तीन वर्षांत तो एकरंगी होतो किंवा काठाला स्थिरावतो.

या साऱ्याचे उत्तम उदाहरण म्हणजे फ्रान्सेस विल्यम्स या बाई. १९३६ साली कनेक्टिकट राज्यातील ब्रिस्टल येथील एका रोपवाटिकेत निळसर पानांच्या होस्टांच्या ओळीत त्यांना पिवळ्या काठाचे एक झाड दिसले. ओळीतील बाकी झाडांसारखेच तेही विक्रीला होते. बाईंनी ते मॅसॅच्युसेट्समधील विंचेस्टर येथे आपल्या बागेत आणून लावले आणि वर्षानुवर्षे त्याची निगा राखली, टिपणे ठेवली. त्याचा एक भाग पुढे इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात पोहोचला आणि तेथे त्याला बाईंचेच नाव मिळाले. बाई १९६९ साली वारल्या. वाणाची रीतसर नोंदणी झाली १९८६ मध्ये. पाहणे आणि नोंद होणे यांत पन्नास वर्षे गेली! शोध रोपवाटिकेतला खरा. पण वाण म्हणून ते सिद्ध झाले घरच्या बागेत, हे माझ्या मते अधिक महत्त्वाचे.

कारण वेगळा फुटवा दिसणे हा योगायोग आहे. पुढचे काम योगायोगाचे नाही. वसंतात कोंब नुकते वर येत असताना बेट खणून तो फुटवा त्याच्या स्वतःच्या मुळ्यांसह धारदार चाकूने वेगळा करावा लागतो. तो स्वतंत्र लावून वाट पाहावी लागते. होस्टाचे बालपणीचे पान व प्रौढ पान यांत फार फरक असतो. खरे रूप दिसायला चार-पाच वर्षे सहज लागतात. तेवढ्या काळात किनार टिकली, फुटव्यांतही तीच उतरली, तरच पुढची गोष्ट. मग प्रश्न येतो, हे खरोखर नवे आहे काय? उत्परिवर्तन एकाच बागेत होते असे नाही. ‘फ्रान्सेस विल्यम्स’शी हुबेहूब जुळणारी ‘सामुराई’, ‘ऑरोरा बोरिअ‍ॅलिस’ अशी वाणे वेगळ्या नावांनी बाजारात आहेत. आपल्या अंगणातले आश्चर्य दुसऱ्याच्या अंगणात आधीच होऊन गेलेले असते, हे मान्य करणे बागकाम करणाऱ्याला जड जाते.

याहून कठीण कसोटी रोगाची. १९९६ साली मिनेसोटा विद्यापीठात होस्टाचा एक विषाणू ओळखला गेला. त्याला ‘होस्टा व्हायरस एक्स’ म्हणतात. त्याने पिवळ्या पानावर शिरांच्या कडेने शाई फुटावी तसे हिरवे ओघळ दिसतात, किंवा पानभर चित्रविचित्र ठिपके पडतात. दिसायला सुरेखच! परिणाम असा झाला की काही रोगी झाडांना लोकांनी नवी वाणे समजून नावे दिली आणि ती विकलीही. ‘ब्रेकआउट’ व ‘लेपर्ड फ्रॉग’ ही त्यांपैकीच. या रोगावर उपाय नाही. रस लागलेल्या चाकूनेच तो एका बेटातून दुसऱ्यात जातो. म्हणजे फुटवा वेगळा करणारा हातच रोग पसरवू शकतो. झाड उपटून नष्ट करणे एवढेच हाती राहते. घरी करता येतील अशा चाचणी-पट्ट्या आज मिळतात, आणि त्या वापरल्याखेरीज नवे वाण कुणाला देऊ नये असा शहाणा संकेत आहे. आपण ज्याला देणगी म्हणून उराशी धरले ते आजार असू शकते, ही शंका स्वतःच्याच झाडावर घेणे सोपे नव्हे.

एवढ्यातून पार पडले की नाव. लागवडीतील वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तीनुसार १९५९ पासून नव्या वाणाला लॅटिन वळणाचे नाव देता येत नाही, आणि पूर्वी होस्टाला दिले गेलेले नाव पुन्हा चालत नाही. अमेरिकन होस्टा सोसायटी १९६८ मध्ये स्थापन झाली. नोंदणीच्या अर्जात पानाची लांबी-रुंदी, शिरांच्या जोड्यांची संख्या, बेटाची उंची व घेर, फुलांचा रंग व हंगाम असे सारे भरावे लागते. कवितेसारखी नावे सुचणाऱ्या माणसाला शिरा मोजत बसावे लागते, याची मला गंमत वाटते.

नोंदणीने नाव पक्के होते, हक्क मिळत नाही. हक्कासाठी एकस्व, म्हणजे पेटंट. अमेरिकेत १९३० पासून वनस्पतींचे पेटंट मिळते. मात्र रानात सापडलेल्या झाडाला नाही, लागवडीत सापडलेल्याच झाडाला. म्हणजे कुंपणाच्या आत निघालेला फुटवा ‘शोध’ ठरतो आणि कुंपणाबाहेरचा ठरत नाही. आपल्याकडे शेतकऱ्याच्या वाणाला कायद्याने जागा मिळाली ती २००१ च्या अधिनियमाने. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्येच आपल्या भातशेतीत वेगळ्या लोंब्या हेरून ‘एचएमटी’ हे तांदळाचे वाण उभे केले होते. त्या वेळी असे कोणतेही दार त्यांना उघडे नव्हते.

‘ब्लू कॅडेट’ या होस्टापासून निघालेल्या ‘ब्लू माऊस इअर्स’ या चिमुकल्या, निळसर, उंदराच्या कानासारख्या पानाच्या वाणाची नोंद २००० साली झाली आणि २००८ मध्ये ते ‘वर्षाचे होस्टा’ ठरले. आता त्याच्याच बेटांतून वेगळे फुटवे निघत आहेत. कुणाला पांढरा काठ, कुणाला पिवळे मध्य. त्यांची नावेही बहुतेक उंदराच्याच कानावरून ठेवली जातात.