श्रमिकांच्या घरांचा इतिहास : स्विंडनची रेल्वे वसाहत

इतिहास राजवाड्यांत आणि किल्ल्यांतच शोधावयाचा असतो, असा आपला समज झालेला आहे. वस्तुतः श्रमिकांची घरेही इतिहासाची तितकीच विश्वसनीय साधने आहेत. इंग्लंडमधील स्विंडन येथील रेल्वे वसाहत हे त्याचे एक उत्तम उदाहरण होय.

१८३७ मध्ये व्हिक्टोरिया राणी गादीवर आली. त्याच सुमारास लंडन ते ब्रिस्टल हा लोहमार्ग बांधणाऱ्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेला इंजिनांसाठी कारखान्याची गरज भासली. तरुण अभियंता डॅनियल गूच याने १८४० मध्ये स्विंडनची जागा सुचविली आणि ब्रुनेलने ती मान्य केली. कारखाना जानेवारी १८४३ मध्ये सुरू झाला. टेकडीवरील लहानशा जुन्या गावात एवढे कामगार सामावणे अशक्य होते. म्हणून लोहमार्गालगत सुमारे ३०० घरांची वसाहत उभारण्यात आली.

रचना

विद्यार्थ्यांनी येथे एक शब्द समजून घ्यावा. ‘टेरेस’ म्हणजे आपल्याकडील गच्ची नव्हे. एकमेकांना चिकटून, सामाईक भिंतींनी जोडलेल्या एकसारख्या घरांच्या रांगेस इंग्लंडमध्ये टेरेस म्हणतात. दोन घरांत एकच भिंत असल्याने दगड, जागा आणि खर्च यांची बचत होते; थंडीत ऊबही टिकते.

स्विंडनची घरे चुनखडीच्या दगडाची आहेत. समोर लहानशी बाग, मागे फरसबंद अंगण, त्यात शौचकूप आणि त्यापलीकडे बोळ, अशी त्यांची मांडणी आहे. पश्चिमेकडील रस्त्यांना ब्रिस्टल, एक्सेटर, टॉन्टन अशी पश्चिमेच्या स्थानकांची, तर पूर्वेकडील रस्त्यांना लंडन, ऑक्सफर्ड, रीडिंग अशी पूर्वेच्या गावांची नावे दिली गेली.

भिंतींतील उतरंड

बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या या रांगांत समता मात्र नव्हती. रांगेच्या टोकांची मोठी घरे मुकादमांसाठी होती; मधली लहान घरे सामान्य कामगारांची. सुरुवातीची काही घरे तर खाली एक आणि वर एक खोली एवढीच होती. भाड्याला हातभार लागावा म्हणून त्यांतही पोटभाडेकरू ठेवले जात. माणसाचा दर्जा त्याच्या दारावरूनच कळावा, अशी ही योजना होती. गावकुसाचा अर्थ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. भेद इतकाच की, तेथील दर्जा हुद्द्यावर ठरे. बढती मिळालेला कामगार टोकाच्या घरात जाऊ शके. जन्माने ठरलेल्या वस्तीतून अशी वाट नव्हती.

एक वसतिगृह

अविवाहित कामगारांसाठी कंपनीने एक भव्य तीनमजली इमारत बांधली. लोक तिला ‘बराकी’ म्हणत. प्रत्येकास छोटी खोली आणि सर्वांस मिळून सामाईक स्वयंपाकघर, अशी तिची व्यवस्था होती. तथापि तेथील नियमांचा जाच कामगारांना रुचला नाही. दाटीवाटीच्या घरांत पोटभाडेकरू म्हणून राहणे त्यांनी पसंत केले. पुढे १८६९ मध्ये त्या इमारतीचे प्रार्थनागृह झाले आणि १९६२ मध्ये रेल्वे संग्रहालय.

याउलट जे कामगारांच्या सहभागातून उभे राहिले, ते टिकले. १८४७ मध्ये वेतनातील कपातीतून वैद्यकीय निधी सुरू झाला. १८५५ मध्ये वसाहतीच्या मध्यभागी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनची वास्तू उभी राहिली. तिच्यात ग्रंथालय आणि व्याख्यानांची सोय होती. दिवसभर लोखंडाशी झुंजणारा कामगार सायंकाळी तेथे ग्रंथ हाती घेई. १९६६ मध्ये नगरपालिकेने ही घरे विकत घेतली आणि पुढे त्यांची दुरुस्ती केली. आजही तेथे कुटुंबे राहतात.

बोध

आपली शाळाही निवासी आहे. स्विंडनची बराक दगडाने भक्कम होती, तरीही ती रिकामी पडली, हे आपण शिक्षकांनी विसरता कामा नये. विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपापल्या गावातील एखादी जुनी चाळ, रेल्वे वसाहत वा वाडा पाहावा आणि वहीत तीन गोष्टींची नोंद करावी : मोठी खोली कोणाची होती? पाणी कोणाच्या दाराशी होते? आणि वाचनासाठी जागा ठेवली होती काय?

ही उत्तरे म्हणजेच त्या वास्तूचा खरा इतिहास होय.