हाक एकास, वाट घरास

देवाची हाक घरातील एकासच ऐकू आली, तर इतरांनी काय करावे? पांढरकवड्याहून मुलास सेवेच्या शिक्षणास दूर धाडणाऱ्या आईबापांपुढे हाच प्रश्न उभा राहतो. अब्राहामाच्या प्रस्थानावर उपदेश पुष्कळ होतात. तंबू आवरणाऱ्या सारेच्या मनात काय चालले असेल, हे क्वचितच ऐकू येते.

विद्यार्थिमित्रांनो, कवि नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा इ. स. १८९५ त मुंबईस झाला. लक्ष्मीबाईंस ते मान्य नव्हते. कित्येक वर्षे ताटातूट झाली. पुढे त्या एकत्र राहू लागल्या, तरी सोवळेओवळे सुटले नव्हते. टिळकांनी सक्ती केली नाही. मला यातच त्यांचा खरा विश्वास दिसतो: ज्याने आपणांस वाट दाखविली तोच पत्नीसही दाखवील, मग उशीर का होईना! इ. स. १९०० त लक्ष्मीबाईंनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला.

इ. स. १९१७ त टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. वेतन गेले, पुढचे काही दिसत नव्हते. १९१९ त ते निवर्तले; ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. त्याचे बहुतेक अध्याय पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिले.