आधी ४एस रिकामा कर

संक्रमण धातूच्या आयनात अनपेअर्ड इलेक्ट्रॉन किती, असं विचारलं की तू लगेच चौकटी आखून बाण भरायला बसतेस. जरा थांब, पोरी. पहिल्यांदा आयनवरचा भार बघ. आयन होताना ४एसमधले इलेक्ट्रॉन आधी जातात, ३डीमधले नंतर. लोखंडाच्या अणूत ३डीमध्ये ६ आणि ४एसमध्ये २. फेरस आयनात ४एस रिकामा, ३डीचे ६ जागच्या जागी. मुलं ३डीमधूनच दोन उचलतात आणि उत्तर तिथेच बिघडतं.

स्कँडियम ते झिंक या ओळीसाठी तोंडी हिशेब सांगते. अणुअंकातून १८ वजा कर, मग भार वजा कर. उरतील ते सगळे ३डीचे. फेरिकचे २६ वजा १८ वजा ३, म्हणजे ५. भार दोन किंवा अधिक असेल तर हे चुकत नाही. क्रोमियम आणि तांब्याच्या अपवादांची धास्तीही उरत नाही, कारण ते अपवाद अणूंचे आहेत, या आयनांचे नाहीत. पाचपर्यंत जितके इलेक्ट्रॉन तितके सगळे एकटे. पुढे गेलीस की दहातून वजा कर. निकेलच्या दोन भाराच्या आयनात ८, म्हणून एकटे २. झिंकमध्ये १०, म्हणून एकही नाही.

खरी मेख कॉम्प्लेक्समध्ये आहे. सहा लिगंडांचं अष्टफलकी कॉम्प्लेक्स असेल, तर डी इलेक्ट्रॉन १ ते ३ किंवा ८ ते १० असताना लिगंड बलवान की दुबळा यावर डोकं शिणवू नकोस. एकट्यांची संख्या तीच राहते. विचार करायचा तो फक्त ४, ५, ६ आणि ७ला. फेरसभोवती पाणी असेल तर एकटे ४. सायनाइड असेल तर सगळ्यांच्या जोड्या लागतात आणि शून्य. अमोनियाला मात्र डोळे झाकून बलवान म्हणू नकोस. तीन भाराच्या कोबाल्टला तो जोड्या लावायला भाग पाडतो, दोन भाराच्या कोबाल्टला नाही. धातूवरचा भारही बघावाच लागतो.

हे नुसतं पेपरापुरतं नाही, म्हणून मी इतकी मागे लागते. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियल यांनी १९३६ साली रक्ताचं चुंबकत्व मोजलं. ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनमध्ये दर लोह अणूमागे ४ एकटे इलेक्ट्रॉन निघाले. ऑक्सिजन जोडला गेल्यावर एकही नाही. आपल्या प्रत्येक श्वासागणिक हा बदल घडतो!

एकटे इलेक्ट्रॉन ओळखायला रंगावर विसंबू नकोस. पोटॅशियम परमँगनेट इतकं गडद जांभळं, पण त्यातल्या मँगनीजकडे एकही डी इलेक्ट्रॉन नाही.

उत्तर पडताळायला चुंबकीय आघूर्ण काढ: एकट्यांची संख्या गुणिले (तीच संख्या अधिक दोन), आणि त्याचं वर्गमूळ. एकाला १.७३, दोनाला २.८३, तिनाला ३.८७, चाराला ४.९०, पाचाला ५.९२ बोर मॅग्नेटॉन. हे आकडे पाठच कर. दोन भाराच्या कोबाल्टचा मोजलेला आकडा मात्र ४.३ ते ५.२ असा चढा येतो, कारण सूत्र केवळ स्पिन धरतं आणि इथे इलेक्ट्रॉनच्या कक्षीय गतीचाही वाटा असतो. तो आकडा पाहून चार लिहू नकोस. हाय-स्पिन, म्हणजे लिगंडाने जोड्या न लावलेल्या कोबाल्टमध्ये एकटे इलेक्ट्रॉन तीनच.