विज्ञानाचा गृहपाठ : साहाय्य कोणते आणि किती?

जून महिन्यात शाळा उघडतात आणि पहिली चाचणी आटोपते न आटोपते तोच विद्यार्थ्यांच्या हाती विज्ञान प्रकल्पांच्या विषयांची यादी पडते. त्या दिवसापासून गावातील जाणत्या मंडळींकडे मुलांच्या खेपा सुरू होतात. कोणी शिक्षकांच्या घरी जातो, कोणी ग्रामपंचायत कार्यालयात डोकावतो, कोणी महाविद्यालयात शिकणाऱ्या थोरल्या भावाची वाट पाहतो. मागणी बहुधा एकच असते : "सर, प्रकल्प तयार करून द्या." मागणीतील 'करून द्या' या दोन शब्दांतच सारी अडचण साठलेली आहे.

शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयान्वये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती लागू केली. तीत प्रात्यक्षिके, उपक्रम आणि प्रकल्प यांना आकारिक मूल्यमापनात स्थान मिळाले. वर्षाअखेरच्या एका परीक्षेवर मुलाचे भवितव्य अवलंबून राहू नये, त्याने हाताने काही करावे, हा त्यामागील हेतू. परंतु गुण आले की गुण मिळविण्याच्या सोयीही येतात. तालुक्याच्या गावी शालोपयोगी वस्तूंच्या दुकानांत पवनचक्की, जलचक्र, ज्वालामुखी यांच्या तयार प्रतिकृती विक्रीस असतात. त्या विकत घेण्यासाठी मजुरीवर जाणाऱ्या पालकालाही पैसे मोजावे लागतात आणि ज्याला ते परवडत नाही, त्या मुलाला आपण विज्ञानात कच्चे आहोत असे वाटू लागते. हा अन्याय लहान नव्हे.

यांपैकी ज्वालामुखीचेच उदाहरण घ्यावे. थर्मोकोलचा किंवा मातीचा शंकू, वर खळगा, खळग्यात खाण्याचा सोडा, आणि पाहुणे आले की त्यावर व्हिनेगर. फेस उसळतो, टाळ्या पडतात. सोडा आणि आम्ल यांच्या संयोगाने कर्बद्विप्राणिल वायू निर्माण झाला, एवढेच त्यातून सिद्ध होते. ज्वालामुखीविषयी काहीही कळत नाही. गंमत अशी की, ज्या शाळेत हा शंकू मांडला जातो, तिच्या पायाचा काळा दगड हा बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष लाव्हाच असतो. महाराष्ट्राच्या भूभागाचा चार पंचमांशांहून अधिक भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या आणि थरावर थर साचून थिजलेल्या लाव्हारसाचा आहे. तो मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून वर आला, शंकूच्या टोकातून नव्हे. घाटात डोंगरांच्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात त्या या थरांच्या. दगडात जागोजागी लहान पोकळ्या आढळतात, त्या थिजताना अडकलेल्या वायूंच्या बुडबुड्यांच्या. एखाद्या शिक्षकाने मुलांना गावच्या नाल्यावर नेऊन असे चार दगड गोळा करावयास लावले, तर एक पैसाही खर्च न होता खरा ज्वालामुखी वर्गात येईल.

सवालीराम आणि पोस्टकार्ड

मुलांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर कसे द्यावे, याचा एक उत्तम धडा शेजारच्या मध्य प्रदेशात घालून दिला गेला. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील (२०२२ पासून या शहराचे नाव नर्मदापुरम् आहे) १६ माध्यमिक शाळांत 'किशोर भारती' व रसूलिया येथील 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या दोन संस्थांनी विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात पसरला, आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकात व्याख्या पाठ करण्यास दिलेल्या नव्हत्या. प्रयोग होते आणि प्रयोगानंतर प्रश्न होते. परीक्षेतही पुस्तक जवळ बाळगण्यास मुभा असे. या कार्यक्रमात सवालीराम नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुलांनी मनात येईल तो प्रश्न सवालीरामाला पत्राने विचारावा आणि सवालीरामाच्या नावाने त्याला उत्तर जावे, अशी व्यवस्था होती. उत्तरे लिहिणारे अर्थातच शिक्षक आणि वैज्ञानिक असत. परंतु मुलाच्या दृष्टीने कोणीतरी आपल्याच प्रश्नाची वाट पाहत बसलेला आहे, ही भावना मोलाची होती. हा कार्यक्रम २००२ साली बंद झाला. त्याच्या बंद होण्याविषयी मतभेद आहेत. मुलांना प्रश्न विचारण्याची सवय लागली, याविषयी मात्र मतभेद नसावेत.

महाराष्ट्रात असेच काम एका व्यक्तीने एकट्याने केले. पुण्याच्या आंतरविद्यापीठीय खगोलविज्ञान व खगोलभौतिकी केंद्राचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर यांच्याभोवती व्याख्यानानंतर मुलांची स्वाक्षरीसाठी झुंबड उडत असे. नुसती स्वाक्षरी देण्याऐवजी ते मुलांना सांगत, की पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर आणि स्वाक्षरी दोन्ही मिळतील. २०२५ साली डॉ. नारळीकर निवर्तले. त्यांची युक्ती कोणत्याही शाळेला उचलता येण्याजोगी आहे. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला प्रश्न शोधावा लागे, आणि प्रश्न शोधताना अर्धे विज्ञान घडून जाई.

एका माठाचा प्रकल्प

साहाय्य म्हणजे नेमके काय, हे एका साध्या प्रश्नावरून पाहता येईल. सातवीतील एखादी मुलगी विचारते, "माठातले पाणी गार का होते?" याचे उत्तर पुस्तकात एका वाक्यात आहे : माठाच्या छिद्रांतून पाणी पाझरते, त्याचे बाष्पीभवन होते व त्यासाठी लागणारा उष्मा आतील पाण्यातून घेतला जातो. हे वाक्य सांगून टाकले की गृहपाठ पूर्ण होतो आणि प्रश्नही संपतो. जाणत्या शिक्षकाने येथे उत्तराऐवजी एक उलट प्रश्न विचारावा : "तसे असेल, तर माठाला बाहेरून तैलरंग दिल्यावर काय होईल?"

आता प्रयोग आपोआप आकार घेतो. एकाच कुंभाराकडचे, एकाच मापाचे दोन माठ घ्यावेत. एकाला बाहेरून तैलरंग देऊन तो पूर्ण वाळू द्यावा. दोन्ही माठ आदल्या दिवशी पाण्याने भिजवून ठेवावेत, कारण कोरडी माती स्वतःच पुष्कळ पाणी शोषून घेते आणि ते उडून गेले असा गैरसमज होतो. दुसऱ्या दिवशी दोहोंत १० - १० लिटर पाणी भरून, माठासकट वजन करून, ते एकाच सावलीत शेजारी शेजारी ठेवावेत. वजनासाठी किराणा दुकानातील काटा चालतो. तापमापक मात्र शाळेच्या प्रयोगशाळेतील हवा. घरी तापासाठी वापरतात तो येथे निरुपयोगी आहे, कारण त्यावरील अंश ३५ च्या पुढेच सुरू होतात. सकाळपासून दर दोन तासांनी दोन्ही माठांतील पाण्याचे आणि सावलीतील हवेचे तापमान वहीत उतरवावे. सायंकाळी पुन्हा वजन करावे.

समजा, साध्या माठाचे वजन १०० ग्रॅमने घटले. ३० अंश सेल्सिअसच्या आसपास एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्मा लागतो. म्हणजे १०० ग्रॅमला ५८,००० कॅलरी लागल्या. हा सारा उष्मा उरलेल्या ९,९०० ग्रॅम पाण्यातून घेतला गेला असता, तर ते पाणी सुमारे ६ अंशांनी थंड व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात तापमापक कदाचित ३ किंवा ४ अंशांचाच फरक दाखवील. मुलगी येथे अडखळेल, 'माझा प्रयोग चुकला' म्हणेल, आणि साहाय्याची खरी वेळ हीच. प्रयोग चुकलेला नाही. माठातले पाणी बाहेरच्या हवेपेक्षा थंड झाले, की हवेतून उष्मा पुन्हा आत येऊ लागतो. हिशेबात धरलेला नाही तो हा उष्मा. हे तिला सांगू नये. थंड पाण्याचा पेला उन्हाळ्यात टेबलावर ठेवला तर काय होते, एवढेच विचारावे.

हाच प्रयोग कोकणातील शाळेने श्रावणात केला, तर दोन्ही माठांत जेमतेम फरक आढळेल. हवा आधीच बाष्पाने भरलेली, तेव्हा पाणी उडणार तरी कोठे? अनेक शाळांत अशा वेळी आकडे 'दुरुस्त' करण्यात येतात, कारण पुस्तकात पाणी गार होते असे लिहिलेले आहे. ही दुरुस्ती मुलांसमोर करणे म्हणजे विज्ञानाच्या तासाला असत्य शिकविणे होय. मिळाले ते आकडे तसेच लिहावेत आणि विदर्भातील किंवा मराठवाड्यातील एखाद्या शाळेशी पत्रव्यवहार करून तिकडचे आकडे मागवावेत. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या म्हणजे आर्द्रतेचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

शब्दांची अडचण

मुलांना अडते ते नेहमी विज्ञानच असते असे नाही. मुंबईत १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या सुरुवातीच्या अभ्यासांतून असे दिसून आले, की पाठ्यपुस्तकाची भाषा हाच पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मार्गातील मोठा अडसर आहे. 'बाष्पीभवन' म्हटल्यावर गप्प बसणारी मुले 'दोरीवरचे धुणे वाऱ्याने लवकर का वाळते?' असे विचारताच एकमेकांना थांबवून बोलू लागतात. 'अप्रकट उष्मा' हा शब्द आवश्यक आहे, परंतु तो अनुभवाच्या मागून यावा. ज्या घरांत मराठीखेरीज अन्य बोली आहे, त्या घरांतील मुलांच्या बाबतीत तर शिक्षकाने प्रकल्पाची नोंदवही प्रथम त्यांच्याच बोलीत लिहू द्यावी. १९९३ पासून भरत असलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वर्षांच्या मुलांना आपल्या परिसरातील प्रश्नावरचा अभ्यास स्वभाषेत मांडता येतो. मग शाळेतच संकोच कशाला?

अलीकडे भ्रमणध्वनीवर प्रश्न विचारताच क्षणात उत्तर उमटते, संपूर्ण प्रकल्प-अहवालसुद्धा मिळतो. त्यावर सरसकट बंदी घालण्यात अर्थ नाही; दुर्गम गावातील मुलाला ग्रंथालय नाही, त्याच्यासाठी ही मोठीच सोय आहे. शिक्षकाने एवढेच पाहावे, की अहवालातील आकडे कोणत्या दिवशी, कोणत्या साधनाने, कोणी मोजले. ज्या मुलाने मोजले असेल तो तारीख सांगतो, हवा कशी होती तेही सांगतो, आणि दोरी विहिरीत कशी पडली याची हकिकतही सांगतो.

पंचायतीने करावयाचे काम

विहिरीचा उल्लेख ओघाने आला. पंचायत सदस्यांच्या दृष्टीने तो सर्वांत उपयुक्त विषय आहे. राज्याच्या कठीण बेसॉल्ट खडकात पाणी साठते ते भेगांत, झिजलेल्या थरांत आणि पोकळ्यांच्या दगडांत. म्हणूनच एका विहिरीला पाणी असते आणि शंभर पावलांवरची कोरडी पडते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींच्या पातळीची नोंद नियमितपणे ठेवते, पण प्रत्येक गावातील प्रत्येक विहिरीपर्यंत ती कशी पोहोचणार? शाळा पोहोचू शकते. सार्वजनिक विहिरीच्या कठड्यावर एका दगडाला तैलरंगाने खूण करावी. दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी, वजन बांधलेल्या फितीने त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यातून कठड्याची उंची वजा करावी. मोजताना शिक्षक किंवा पंचायतीचा कर्मचारी जवळ असलाच पाहिजे; मुलांना एकट्याने विहिरीवर पाठवू नये. शाळेच्या आवारात सरळ बाजूंच्या, सपाट बुडाच्या भांड्यात पाऊस मोजावा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर १,००० लिटर. हा हिशेब मुलांनी ग्रामसभेत फळ्यावर मांडला, तर गच्चीवरील पाणी साठविण्याच्या ठरावावर चर्चा निराळ्या पातळीवर होईल.

यासाठी खर्च फितीचा आणि वहीचा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पंचायतीकडील पावसाच्या व पाणीपुरवठ्याच्या जुन्या नोंदी शाळेला पाहू द्याव्यात. त्या कपाटात राहून कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. यातूनच एखादी स्वतंत्र कल्पना निघाली, तर केंद्र शासनाच्या 'इन्स्पायर अवॉर्ड - मानक' योजनेखाली मुख्याध्यापकांना ती पाठविता येते. निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या बँक खात्यात प्रतिकृतीसाठी १०,००० रुपये जमा होतात. प्रदर्शनांच्या परीक्षकांनीही एक पथ्य पाळावे. रंगरंगोटी पाहण्यापूर्वी वही मागावी. वहीत खाडाखोड असेल, एखादा आठवडा रिकामा असून 'आजारी होतो' असे लिहिलेले असेल, तर त्या वहीकडे थोडे अधिक थांबून पाहावे.

तालुका व जिल्हा पातळीवरील प्रदर्शने बहुधा हिवाळ्यात भरतात आणि २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन येतो. त्यामुळे विहिरीची मोजणी पावसाळा संपताच, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करणे सोयीचे. माठाचा प्रयोगही ऑक्टोबरच्या उन्हात उरकून घ्यावा. विहिरीची वही मात्र प्रदर्शनानंतर विद्यार्थ्याच्या घरी जाऊ न देता शाळेत ठेवावी. मे महिन्यातील तळ गाठलेल्या पाण्याची नोंद सुटीत गावात राहणाऱ्या मुलांनी करावी, आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाने त्याच दगडावरील त्याच खुणेपासून मोजण्यास आरंभ करावा.